बडोद्याच्या घरांतील सुई-दोरा

पाश्चात्त्य लेखक उन्हाळा सरला की लगेच शरदाची चाहूल वर्णितात. आपल्या पंचांगात दोहोंच्या मध्ये पावसाळा उभा आहे. आणि बडोद्यापुरते बोलायचे तर पाऊस ओसरला की उन्हाळाच पुन्हा येऊन आपले राहिलेले काम उरकून जातो. भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून दिवाळीच्या तोंडापर्यंतचे ते कोरडे, पांढरे ऊन ज्यांनी दांडिया बाजार, रावपुरा किंवा वाडीतील जुन्या घरांच्या गच्च्यांवर अनुभवले आहे, त्यांना त्यासोबत आणखी एक चित्र आठवल्यावाचून राहणार नाही : उन्हात पसरलेल्या गाद्या, ट्रंकांतून बाहेर काढलेली लुगडी, आणि दुपारची झाकपाक आटोपून माजघरात मान खाली घालून शिवीत बसलेल्या बायका.

या कामाला क्रम होता. आमच्या घरी पितृपक्षात नवे कापड आणीत नसत. सबब त्या पंधरवड्यात जुन्यावर हात फिरे. विरलेली नऊवारी लुगडी धुऊन, खळ घालवून, एकावर एक अंथरली जात. चारी बाजूंनी चौघी बसत आणि काठाकडून धावदोरा घालीत घालीत आत सरकत. गोधडीचे मधले चौकट भरले की ती झाली. कोणते लुगडे वर घ्यायचे यावर मात्र पुष्कळ चर्चा चाले. नवरात्र जवळ आले की हातशिलाई बाजूला पडून शिलाईचे यंत्र पुढे येई. मोठ्यांच्या खणाच्या चोळ्या असत, आणि शेजारच्या गुजराती मैत्रिणींबरोबर गरब्याला जाणाऱ्या मुलींच्या हट्टापायी आभले लावलेले चणियेही असत. याच सुमारास पिंजारी धनुकलीचा टणत्कार करीत गल्लीत शिरे.

मग कोजागिरी. आटवलेले मसाला दूध आमच्याकडचे, तर दूध-पौंवा शेजारून येत. शरद पुनमेच्या चांदण्यात सुईत दोरा ओवला म्हणजे दृष्टी तेज राहते, ही गुजराती घरांतील समजूत आमच्या आजीनेही आपलीशी केली होती. गच्चीवर ती सुई उंच धरून दोरा ओवू पाही. दोन-तीनदा चुकला की सुई आम्हा मुलांच्या हाती देई. लोकरीच्या सुया त्यानंतर निघत. बडोद्याची थंडी ती केवढी, पण त्यासाठी स्वेटर आश्विनातच सुरू करावा लागे, आणि आश्विनातल्या घामेजल्या बोटांना लोकर चिकटे. म्हणून विणकाम संध्याकाळी, वारा सुटल्यावर, हाताला टाल्कम पावडर लावून चाले.

हे सारे आम्ही आयुष्यभर 'बायकांचा फावला वेळ' या सदरात जमा केले होते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, त्यात आमच्या तळमजल्यावरील आजीची पत्र्याची ट्रंक भिजली. सप्टेंबरच्या उन्हात तिच्यातील वस्तू गच्चीवर वाळत घातल्या, तेव्हा गोधडीच्या घडीत गुंडाळलेली एक लांबट वही हाती लागली. तिच्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

आपली घराणी गायकवाडांच्या मागोमाग अठराव्या शतकात येथे आली. कोणी शिलेदार म्हणून आले, कोणी कारकून, कोणी पुराणिक. त्यांच्या स्त्रियांना शिवणटिपण येत नव्हते असे नाही; पण ते घरात शिकलेले, घरातच राहणारे कसब होते. ते शाळेच्या वेळापत्रकात आले ते श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत. 1893 मध्ये अमरेलीकडे सुरू झालेले सक्तीचे शिक्षण 1906 मध्ये राज्यभर लागू झाले व त्यात मुलीही होत्या. दरम्यान 1890 मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली कलाभवन निघाले. हाताच्या कसबाला विद्येच्या पंक्तीत बसविण्याचा तो प्रयत्न होता, परंतु त्याची फळे प्रामुख्याने पुरुषांच्या पदरी पडली.

स्त्रियांच्या बाजूने विचार केला तो महाराणी चिमणाबाईंनी. येथे एक खुलासा केलेला बरा, कारण नव्या पिढीत हा घोळ हमखास होतो. रावपुऱ्यातील टॉवरला ज्यांचे नाव आहे त्या पहिल्या चिमणाबाई तंजावरकडच्या. त्या 1885 मध्ये निवर्तल्या. आम्ही म्हणतो त्या दुसऱ्या, देवासच्या घाटगे घराण्यातील. परदेशप्रवासात स्त्रियांचे उद्योग व संस्था त्यांनी डोळसपणे पाहिल्या आणि 1911 मध्ये एस. एम. मित्र यांच्या सहकार्याने हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. 1914 मध्ये त्यांच्या नावाचे स्त्री उद्योगालय बडोद्यात उभे राहिले. पुढे 1927 च्या जानेवारीत पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा त्याच होत्या.

पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाचे काम 1909 पासून चालू होते, आणि अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम त्याहून जुना, 1896 चा. तेव्हा कल्पना अगदीच नवी नव्हती. बडोद्याचे उद्योगालय आम्हाला महत्त्वाचे वाटते ते निराळ्या कारणाने. राजघराण्याच्या नावाखाली असल्यामुळे तेथे शिवण शिकायला जाणे हे प्रतिष्ठित घरातील सुनेलाही कमीपणाचे नव्हते. शिकायला जाणे कमीपणाचे नव्हते. शिकलेल्या विद्येचे पैसे घेणे मात्र होते. आमच्या आजीची वही नेमकी या दोहोंमधली आहे.

आजी लग्नानंतर काही काळ उद्योगालयात जात असे, हे घरात सर्वांस ठाऊक होते. 'वेळ जावा म्हणून' अशी त्याची वासलात लावली जाई. आजोबा हुजूर कचेरीत होते, आणि त्यांच्या पगारावर पाच मुले शिकली, ही आमच्या घराची अधिकृत बखर. वही 1943 पासूनची आहे. महायुद्धाच्या त्या वर्षी कापडावर नियंत्रण आले होते आणि जुने सदरे उसवून, कॉलर उलटून पुन्हा शिवण्याला सर्वत्र महत्त्व आले होते. पहिल्या पानांवर तेच काम आहे. मग झबली, टोपडी, कुंच्या, परकर, काजे-बटणे, गोधड्या. शब्द बालबोध मराठी, आकडे गुजराती वळणाचे. गिऱ्हाइकांची नावे कोठेही नाहीत. त्यांच्या जागी 'पिंपळ', 'दोन जिने', 'कोपरा' अशा घरांच्या खुणा आहेत. समासात बारीक अक्षरात 'फी', 'पुस्तके', 'दळण'. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्या मे महिन्याच्या पानावर त्याचा उल्लेख नाही. दोन परकर आहेत. 1957 मध्ये आणे जाऊन नवे पैसे येतात, आणि काही पाने तिची बेरीज चुकत राहते.

नोकरीत दप्तरे तपासण्यात आमची हयात गेली, म्हणून महिनावार नोंदी मोजण्याचा मोह आवरला नाही. ज्येष्ठ-आषाढाची पाने जवळजवळ कोरी आहेत आणि आश्विनाची काठोकाठ भरलेली. ज्या महिन्यात ती निवांत बसलेली आम्हाला आठवते, तोच तिच्या मिळकतीचा हंगाम होता. 'गोष्ट सांग' म्हटल्यावर 'थांब रे, एवढी ओळ होऊ दे' असे ती म्हणे, आणि ती ओळ कधी संपत नसे, याचा उलगडा आम्हाला साठी ओलांडल्यावर झाला.

आजीच्या पिढीबरोबर हा आडपडदा हळूहळू गेला. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन झाले, हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या; पाठोपाठ गृहविज्ञानाची विद्याशाखा आली आणि वस्त्रविद्येत पदव्या मिळू लागल्या. आमची धाकटी चुलत बहीण तेथेच शिकली. तिच्या पदवीचा उल्लेख आमच्या कुलवृत्तांतात आहे. आजीच्या नावापुढे माहेरचे आडनाव व अपत्यांची संख्या एवढेच आहे. पुरुषांच्या हुद्द्यांना मात्र दीड पान दिले आहे, आणि ते दीड पान आम्हीच लिहिले होते, हे कबूल करणे भाग आहे.

लेख लिहिण्यापूर्वी आत्याला विचारले. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, दृष्टी मंद झाली आहे. वही हातात घेऊन त्यांनी पाने नुसती चाचपली आणि म्हणाल्या, "अरे, तिने एवढं जपून झाकलं, तू कशाला उघडं करतोस? मागल्या दारानं गाठोडं पोचवायला मीच जायची. वाटेत कुणी विचारलं तर 'मावशीकडे चाललेय' म्हणायचं, असं तिनं पढवलं होतं." आम्ही विषय सोडून दिला. आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. "लिही. पण दर लिहू नकोस. लोक म्हणतील, एवढ्याशा पैशांसाठी रात्री जागली." त्यांच्या इच्छेला मान देऊन आम्ही एकही रक्कम येथे दिलेली नाही.

वहीतील शेवटची नोंद 1968 च्या आश्विनातील आहे. 'स्वेटर, लहान, निळी लोकर, सुलट-उलट'. रकमेच्या रकान्यात आकडा नसून 'घरचे' असा शब्द आहे. त्या वर्षीच्या शाळेतील छायाचित्रात तो आमच्या अंगात आहे. छायाचित्र कृष्णधवल असल्यामुळे निळा रंग दिसत नाही, पण दोनदा दुमडलेल्या बाह्या स्पष्ट दिसतात. आजी स्वेटर नेहमी पुढच्या वर्षाच्या मापाने विणीत असे.