घर सोडणाऱ्यांची कादंबरी

आपल्या मंडळाच्या वाचक कट्ट्यावर दर महिन्याला एक प्रश्न हमखास येतो, "या वेळी कोणती कादंबरी नेऊ?" उत्तरही बहुधा ठरलेले असते : 'स्वामी', 'मृत्युंजय', नाहीतर 'ययाति'. ही पुस्तके थोर आहेत, यात वाद नाही. कपाटातल्या त्यांच्या प्रती दोनदा बांधून घ्याव्या लागल्या, यातच सर्व आले. पण त्याच कपाटात काही कादंबऱ्या अशा आहेत की त्यांच्या कार्डावर वर्षानुवर्षे एकही तारीख पडलेली नाही. मध्यंतरी कार्यकारिणीच्या बैठकीत कपाटाच्या जागेचा विषय निघाला. "कोणी वाचत नसेल तर पुस्तके देऊन टाकू, खुर्च्या ठेवायला जागा होईल," अशी सूचना आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. खुर्च्यांचीही अडचण आहेच. पण त्या दिवसापासून वाटत होते, की या न वाचलेल्या पुस्तकांची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

मी साहित्याचा अभ्यासक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि बदलीच्या गावी आधी क्वार्टर, मग वाचनालय शोधत आलो. त्यामुळे हा लेख म्हणजे समीक्षा नाही. एका वाचकाने दुसऱ्याला केलेली शिफारस, एवढेच त्याचे स्वरूप आहे.

कट्ट्यावर काही जण म्हणतात, "मराठी कादंबरी म्हणजे वाडे नाहीतर गडकोट. ते सगळे तिकडचे. इथे वाढलेल्या आमच्या मुलांना त्यातले काय कळणार?" या प्रश्नाचे उत्तर मराठी कादंबरीच्या इतिहासातच आहे, आणि ते ऐकून आपणा प्रवासी मंडळींना बरे वाटेल.

आधी नावाची गंमत सांगतो. हिंदी आणि बंगाली शेजारी 'उपन्यास' म्हणतात, गुजराती 'नवलकथा' म्हणतात. आपण आणि कन्नड भाषक मात्र 'कादंबरी' म्हणतो. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाचे विशेषनाम आपण सबंध वाङ्मयप्रकारालाच देऊन टाकले! नाव असे राजेशाही असले, तरी मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी राजवाड्यात घडत नाही. ती रस्त्यावर घडते. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले. यमुना आपल्या नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि जागोजागी तिला विधवा स्त्रिया भेटतात. त्यांच्या हकिगती ऐकत ती पुढे जाते आणि पुढे तिच्यावरही तीच वेळ येते. विधवा पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. पदमनजी ख्रिस्ती झालेले होते आणि पुस्तकात धर्मप्रचारही आहे, तो बाजूला ठेवून वाचावे. ध्यानात घ्यायचे ते असे, की आपल्या पहिल्या कादंबरीच्या नावातच 'पर्यटन' आहे.

त्या वेळी आमची रेल्वेही बाल्यावस्थेत होती. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोचले. बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबई-पुणे मार्ग सलग जोडला गेला तो १८६३ मध्ये. रेल्वे, टपाल, छापखाना आणि शाळा एका पाठोपाठ एक आल्या आणि माणूस घराबाहेर पडू लागला. घरात असताना वडीलधारे ठरवतात, जात ठरवते, गाव ठरवते. बाहेर पडलेल्या माणसाला स्वतःचे स्वतः ठरवावे लागते. माझ्या मते कादंबरी जन्मते ती इथे.

मग गडकोट कुठून आले? रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी समजली जाते. ती १८७१ ची. तिच्यापासून निघालेली वाट हरिभाऊ आपटे, नाथमाधव यांच्यावरून 'स्वामी'पर्यंत येते. ती वाट लोकप्रिय आहे आणि राहील. पण दुसरीही एक वाट आहे, घर सोडणाऱ्यांची. तिच्यावरच्या सहा कादंबऱ्या मी कट्ट्याला सुचवतो. सहाही आपल्या कपाटात आहेत.

पहिली, हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो!'. गड चढणाऱ्या हरिभाऊंनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यात ही कादंबरी क्रमशः दिली. तो काळ संमतिवयाच्या वादाचा होता. विवाहित मुलींचे संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ मध्ये झाला. सभा, अग्रलेख, भांडणे यांनी पुणे पेटले होते. त्या गदारोळात हरिभाऊंनी एका मुलीला, यमूला, स्वतःची हकिगत स्वतः सांगायला बसवले. पुण्यातल्या घराच्या धाकातून यमू नवऱ्याबरोबर मुंबईला बिऱ्हाड करते. तीच मुलगी, तोच नवरा. पण मुंबईत ती मोकळी हसते, वाचते, चार माणसांत बोलते. पुढे तिला पुण्याला परत यावे लागते आणि काय होते ते वाचताना आजही घशाशी दाटून येते. शंभरावर वर्षांपूर्वीची भाषा म्हणून बिचकू नये, वीस पानांत ती अंगवळणी पडते. लग्न होऊन नव्या गावी, नव्या भाषेत संसार मांडलेल्या आपल्या वहिनींनी ती आधी वाचावी. पुण्यातला सार्वजनिक गणेशोत्सव आणि ही कादंबरी साधारण एकाच काळातली अपत्ये आहेत, हेही जाता जाता सांगतो.

दुसरी, विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ ची. बेडेकरांची ही एकुलती एक कादंबरी, आणि तीही छोटी. युरोपातून निघालेले एक जहाज आहे. त्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू आहेत आणि मायदेशी परतणारा चक्रधर हा मराठी तरुण आहे. त्याची आणि हॅर्टा या ज्यू तरुणीची ओळख होते. चक्रधरला उतरायला मुंबई आहे, हॅर्टाला उतरायला देश नाही. त्या वर्षांत व्हिसा न मागता ज्यूंना घेणारी शांघायसारखी जागा जगात विरळाच होती. महायुद्ध पेटले त्याच वर्षी एका मराठी लेखकाने हे लिहिले! मराठी कादंबरी 'तिकडची' आहे म्हणणाऱ्यांच्या हातात मी हे पुस्तक ठेवतो. दोन रात्रींत वाचून होते. गाडीत घेऊन बसू नये, उतरायचे स्टेशन निघून जाईल.

तिसरी, 'बळी', १९५० ची. लेखिका विभावरी शिरूरकर, म्हणजेच मालतीबाई बेडेकर, म्हणजेच 'रणांगण'कारांच्या पत्नी. सरकारने 'गुन्हेगार जमाती' असा शिक्का मारलेल्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवले जाई. सोलापूरला अशी मोठी वसाहत होती. मालतीबाईंनी या खात्यात अधिकारी म्हणून काम केले होते आणि त्या अनुभवातून ही कादंबरी आली. जन्माला आलेले मूलही गुन्हेगार धरायचे, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय कुंपण ओलांडायचे नाही. या छळाचा मूळ कायदा १८७१ चा, म्हणजे 'मोचनगड'च्याच सालचा. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो देशभर रद्द झाला आणि हे लोक 'विमुक्त' म्हणवले जाऊ लागले. नवऱ्याच्या कादंबरीत माणसांना उतरायला जागा नाही, बायकोच्या कादंबरीत माणसांना बाहेर पडायला वाट नाही. माझी सूचना अशी, की ही दोन पुस्तके एकाच महिन्यात, पाठोपाठ वाचावीत. त्या महिन्यात चर्चेला विषय शोधावा लागणार नाही.

चौथी, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ ची. औंध संस्थानातला एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवरच्या शाळेत नेमला जातो. पहाटे एकटाच चालत निघतो. वाडीवर शाळा आहे, पण मुले नाहीत. मुले मेंढरांमागे आहेत. हळूहळू कारभारी, रामोशी, मेंढके त्याला आपले मानू लागतात. गाव श्रमदानाने तालीम बांधते. आणि मग पाऊस दडी मारतो. ज्याने कधी अनोळखी गावी पहिली नेमणूक घेतली आहे, त्याला यातला मास्तर परका वाटणार नाही. कोणाला कसे बोलावे, कोणाच्या ओसरीवर आधी बसावे, हे सगळे त्याच्याबरोबर आपणही शिकतो. भाषा इतकी साधी आहे, की शाळेत मराठी न शिकलेल्या मुलांना वाचून दाखवायला यासारखे पुस्तक नाही.

पाचवी, अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा', १९५९ ची. हिचा नायक गाव सोडून दूर जात नाही, पण लेखक मात्र घर सोडून आलेला होता. वाटेगावात मातंग कुटुंबात जन्मलेले अण्णा भाऊ लहानपणी आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले. शाळेची पायरी त्यांनी जेमतेम चढली होती. मुंबईत मिळेल ते काम केले, कामगार चळवळीत शिरले आणि घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून लिहिले. मागे राहिलेल्या गावातला फकिरा त्यांनी तिथून उभा केला. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी इंग्रजी सत्तेशी झुंजणारा असा हा मर्द. पुस्तक त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केले आहे. 'मृत्युंजय' आवडणाऱ्यांना मी आवर्जून सांगेन : शौर्य, इमान, अपमानाचा सल, सगळे इथेही आहे. फक्त या वीराला कवचकुंडले नाहीत.

सहावी, भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला', १९६३ ची. नेमाडे तेव्हा पंचविशीतले. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो. हॉस्टेल, मेस, संमेलने, निवडणुका, उधाऱ्या, आणि या सगळ्याच्या तळाशी साचत जाणारा एकटेपणा. शेवटी तो गावी परततो, पण गाव आता त्याला पहिल्यासारखे सामावून घेत नाही आणि त्यालाही गावात करमत नाही. बहीण मनी गेल्याचा भाग वाचताना पुस्तक मिटून ठेवावे लागते. काही ज्येष्ठ सभासदांना ही कादंबरी तऱ्हेवाईक वाटते. त्यांना माझी विनंती, की आपला मुलगा किंवा नात हॉस्टेलवर गेली असेल तर ही जरूर वाचा. फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्या पोरांच्या मनात काय चालते, त्याचा थोडा अंदाज येईल. नेमाड्यांना पुढे २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. पण आपल्या कपाटातल्या 'कोसला'च्या कार्डावर अजून एकही तारीख नाही!

सहाही पुस्तके एका ओळीत ठेवली, की एक गोष्ट दिसते. यमूने पुणे सोडले, चक्रधरने युरोप सोडला, मास्तराने घर सोडले, अण्णा भाऊंनी वाटेगाव सोडले, पांडुरंगाने सांगवी सोडली. 'बळी'तल्या माणसांना सोडण्याचाच हक्क नव्हता, म्हणून ते बळी ठरले. कोणी परतला, कोणाला परतता आले नाही, आणि परतलेल्याला जुनी जागा सापडली नाही. वाचकहो, हे आपल्याखेरीज कोणाला जास्त कळावे? नोकरीसाठी, लग्नासाठी, बदलीवर आपण इथे आलो. सुटीत गावी गेलो की "तुम्ही तिकडचे" ऐकतो आणि इथे परतलो की "आप तो उधर के हैं" ऐकतो. म्हणजे या कादंबऱ्यांचे सगळ्यात हक्काचे वाचक आपणच. आपल्या मुलांना 'स्वामी'मधून पेशवाई कळेल, आणि ती कळायलाच हवी. पण आईबाप घर सोडून आले म्हणजे नेमके काय झाले, हे या दुसऱ्या वाटेवरच्या पुस्तकांतूनच कळेल.

आता कामाचे बोलतो. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारपासून दर महिन्याला एक याप्रमाणे क्रम लावू. 'रणांगण' आणि 'बळी' एकाच महिन्यात, म्हणजे पाच महिन्यांत सहा पुस्तके होतील. प्रत्येकाने सबंध पुस्तक वाचलेच पाहिजे असा दंडक नको. ज्यांचे डोळे साथ देत नाहीत त्यांना वाचून दाखवू. ज्या मुलांना देवनागरी वाचता येते पण मराठी अडते, त्यांना शेजारी बसवून एक प्रकरण मोठ्याने वाचू. पूर्वी पुस्तक एकाने वाचायचे आणि घराने ऐकायचे, हीच तर रीत होती.

आणि खुर्च्यांचे म्हणाल, तर कपाट जिथे आहे तिथेच राहू द्या. पाच महिन्यांनी पुढची बैठक होईल तेव्हा या सहा पुस्तकांची कार्डे टेबलावर मांडू. त्यांवर तारखा पडलेल्या असतील तर विषय तिथेच संपेल. नसतील, तर कपाट रिकामे करायला पहिला हात मी लावीन.