एकच ग्रंथ, मालकाचा आणि गुलामाचा

शालेय इतिहासात अमेरिकेतली गुलामगिरी फार लवकर उरकते. कापसाचे मळे, अब्राहम लिंकन, १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध आणि शेवटी गुलामांची मुक्तता, एवढे सांगून होते न होते तोच घंटा वाजते. आम्ही शिक्षक मंडळीही निमूटपणे पुढच्या धड्याकडे वळतो. या धड्यात एक गोष्ट येत नाही, आणि कोणताही धर्मग्रंथ मानणाऱ्या माणसाने तिच्यापाशी थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. त्या युद्धात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही सैन्यांपाशी बायबल होते. दोन्हीकडचे पाद्री एकाच देवाकडे विजय मागत होते. मार्च १८६५ मध्ये दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना खुद्द लिंकनने ही गोष्ट बोलून दाखवली होती.

गुलाम बाळगणे हे पाप आहे, असे एका बाजूचे ख्रिस्ती सांगत होते. त्यात पाप कसले, देवाने परवानगी दिलेली आहे, असे दुसऱ्या बाजूचे ख्रिस्ती पानेच्या पाने उघडून दाखवत होते. आज गुलामगिरीचे समर्थन करणारा पाद्री शोधूनही सापडणे कठीण. ग्रंथ मात्र तोच आहे, त्यातला मजकूर कोणी बदललेला नाही. मग बदलले काय?

आधी ग्रंथात काय आहे ते पाहू. जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात इब्री गुलामाला सातव्या वर्षी मोकळे करण्याचा हुकूम आहे. त्याच अध्यायात असेही आहे की मालकाने गुलामाला मारले आणि तो एक-दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही, कारण गुलाम हा त्याचा पैसा आहे. लेवीय या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय तर स्पष्टच म्हणतो की परक्या जमातींतून गुलाम विकत घ्यावेत आणि ते मुलाबाळांना वारसाहक्काने द्यावेत. सातव्या वर्षाची सवलत त्यांना नाही. पण याच ग्रंथात माणूस चोरून विकणाऱ्याला देहदंड सांगितला आहे, आणि पळून आलेल्या गुलामाला मालकाच्या हवाली करू नये असाही आदेश आहे. नव्या करारात पौल आणि पेत्र गुलामांना मालकाच्या आज्ञेत राहायला सांगतात. तोच पौल गलतीकरांना लिहितो की ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही. हजरत ईसांच्या तोंडी गुलामगिरी रद्द करणारे वाक्य चारही शुभवर्तमानांत नाही.

आमचे मत विचाराल तर, शब्दावर शब्द ठेवून वाद घालायचा ठरवला तर पारडे मालकांकडे झुकत होते. मालकांना हे पक्के ठाऊक होते, म्हणून ते वादाला भीत नव्हते. व्हर्जिनियातील बाप्टिस्ट पाद्री थॉर्नटन स्ट्रिंगफेलो याने १८४१ मध्ये इब्राहीमपासून पौलापर्यंत सगळे दाखले काढून गुलामगिरीचे समर्थन लिहिले. त्याच्या जोडीला हजरत नूह यांची कथा होतीच. नूह यांनी दिलेला शाप बायबलमध्ये हामचा मुलगा कनान याला आहे, काळ्या रंगाचा तिथे उल्लेखही नाही. पण हामची संतती म्हणजे आफ्रिकी लोक आणि त्यांच्या नशिबी गुलामीच, असा अर्थ लावून तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. जे ग्रंथात नाही तेही ग्रंथाच्या नावावर कसे खपते, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

सगळे समर्थक दुष्ट होते असे मात्र नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. १८४५ मध्ये दोन बाप्टिस्ट विद्वानांचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने छापला गेला. एक होते दक्षिण कॅरोलिनातील रिचर्ड फुलर, दुसरे ऱ्होड आयलंडमधील ब्राउन विद्यापीठाचे अध्यक्ष फ्रान्सिस वेलँड. दोघेही धार्मिक, दोघांचीही भाषा सभ्य. फुलर यांचे म्हणणे साधे होते: जुलमाचे समर्थन मी करत नाही, पण देवाने जुन्या करारात ज्याला परवानगी दिली आणि प्रेषितांनी ज्याचा निषेध केला नाही, ते मुळातच पाप कसे ठरेल? वेलँड यांना याचे थेट उत्तर देता आले नाही, म्हणून त्यांनी वाट बदलली. ते म्हणाले, ईसांनी एकेका रूढीवर हुकूम काढले नाहीत, तत्त्वे दिली. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करा हे तत्त्व मनापासून मानले की गुलामगिरी आपोआप टिकत नाही. आज बहुसंख्य ख्रिस्ती जे उत्तर देतात त्याचा सांगाडा या पत्रांत सापडतो.

पत्रे सभ्य होती, पण चर्च फुटायची राहिली नाहीत. १८४४ मध्ये जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे लग्नामुळे गुलाम आले म्हणून मेथडिस्टांत वाद पेटला आणि पंथ दुभंगला. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावे की नाही या प्रश्नावर १८४५ मध्ये बाप्टिस्ट फुटले आणि दक्षिणेचे वेगळे सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन उभे राहिले. रोमचे कॅथलिक चर्च फुटले नाही, पण तिथला हिशेबही सरळ नाही. १४५२ मध्ये पोप निकोलस पाचवा याने पोर्तुगालच्या राजाला ‘सारासिन’ म्हणजे मुसलमान आणि इतर ख्रिस्तेतर लोकांना कायमचे गुलाम करण्याची मुभा दिली. त्याच पोर्तुगीजांच्या गोव्यात पुढे आफ्रिकेतून आणलेली माणसे विकली जात. १८३९ मध्ये पोप ग्रेगरी सोळावा याने गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला, तर चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी खुलासा केला की निषेध व्यापाराचा आहे, घरी असलेल्या गुलामांचा नाही. अमेरिकेतले गुलाम सुटल्यानंतरही, १८६६ मध्ये, रोमच्या होली ऑफिसने गुलामगिरी निसर्गनियमाविरुद्ध नाही असा निर्वाळा दिला. पुढे शंभर वर्षांच्या आत, १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेत, तीच गुलामगिरी मानवतेला काळिमा फासणाऱ्या गोष्टींच्या यादीत आली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. चौथ्या शतकात निसाचे ग्रेगरी यांनी प्रवचनात विचारले होते की देवाच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाची किंमत कोण ठरवणार. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे १६८८ मध्ये क्वेकर मंडळींनी लेखी निषेध केला, आणि १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी गुलाम बाळगणाऱ्याला समाजाबाहेर काढायचे ठरवले. यांच्यापाशी वेगळे बायबल नव्हते. जॉन न्यूटनची गोष्ट तर दोन्ही बाजूंची आहे. १७४८ मध्ये समुद्रातल्या वादळात त्याला ईश्वर आठवला, त्यानंतरही १७५४ पर्यंत तो गुलामांची जहाजे हाकत राहिला, पुढे पाद्री झाला, आणि व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका आली ती १७८८ मध्ये. ईमान आल्यापासून तोंड उघडेपर्यंत चाळीस वर्षे गेली.

आतापर्यंतची सगळी माणसे गोरी आणि शिकलेली आहेत. गुलाम हा ग्रंथ कसा वाचत होते, किंवा वाचता येत नसताना कसा ऐकत होते, हे आम्हांला जास्त महत्त्वाचे वाटते.

१८०७ मध्ये लंडनला एक बायबल छापले गेले, खास ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी. त्यात जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के आणि नव्या कराराचा सुमारे निम्मा भाग गाळलेला होता. हजरत मूसा बनी इस्राईलला फिरऔनच्या तावडीतून सोडवून नेतात तो प्रसंग गायब, आणि गलतीकरांच्या पत्रातले ते समतेचे वाक्यही गायब. आज्ञापालनाचे उपदेश मात्र जागच्या जागी. मोजक्याच प्रती उरलेल्या या पुस्तकातली एक प्रत २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवली होती. ग्रंथ आपल्या बाजूचा आहे अशी खात्री असणाऱ्यांना कात्री का लागावी? वकिलाने आपल्याच साक्षीदाराचे तोंड दाबावे, तसा हा प्रकार.

पण कात्री लावूनही काम भागले नाही. १८३३ ची गोष्ट आहे. जॉर्जियाच्या लिबर्टी काउंटीत चार्ल्स कॉलकॉक जोन्स हे पाद्री गुलामांच्या मोठ्या जमावासमोर फिलेमोनाच्या पत्रावर प्रवचन देत होते. हे पत्र छोटेसे आहे. अनेसिम नावाचा गुलाम पौलापाशी येतो, पौल त्याला मालकाकडे परत धाडतो, पण यापुढे गुलाम नव्हे तर प्रिय भाऊ म्हणून त्याला स्वीकार, असे लिहून. जोन्स यांनी यातला ‘परत धाडतो’ एवढाच भाग घेतला आणि पळून जाणे पाप असल्याचे बजावले. तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले. जे थांबले त्यांतले काही नंतर म्हणाले, असे पत्र बायबलमध्ये असूच शकत नाही. जोन्स यांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. चाबकाखालच्या निरक्षर माणसांनी पाद्र्यासमोर उठून जावे, याला किती धाडस लागले असेल!

या गुलामांत आपले लोकही होते. फुता तोरो या आजच्या सेनेगालमधल्या प्रदेशातला उमर इब्न सईद हा दीनी शिक्षण घेतलेला माणूस १८०७ मध्ये चार्ल्सटनच्या बंदरात उतरवला गेला. पुढे उत्तर कॅरोलिनातल्या मालकाने त्याला अरबी बायबल मिळवून दिले, त्याचा बाप्तिस्माही झाला. १८३१ मध्ये त्याने अरबीत आत्मकथा लिहिली आणि तिच्या आरंभी स्मरणातून सूरह अल-मुल्क उतरवली. सर्व सत्ता, सर्व मालकी अल्लाहच्या हाती आहे, असे सांगत सुरू होणारी ही सूरह. मालकाला अरबी येत नव्हते. उमरने नेमकी तीच का निवडली हे कुणाला सांगायची गरज आम्हांला वाटत नाही.

आजचे ख्रिस्ती काय म्हणतात? एक उत्तर नेहमी ऐकू येते: बायबलमधली गुलामगिरी म्हणजे कर्ज फेडण्यासाठीची चाकरी, तिची अमेरिकेशी तुलना नको. हे अर्धेच खरे आहे. लेवीयचा पंचविसावा अध्याय त्याच्या आड येतो. दुसरे उत्तर जास्त विचारपूर्वक आहे. तलाकविषयी विचारले असता ईसांनी म्हटले होते की मूसांनी ती परवानगी तुमच्या मनाच्या कठोरपणामुळे दिली, आरंभी तसे नव्हते. हीच फूटपट्टी गुलामगिरीला लावायची: देवाने त्या काळच्या माणसाला जेवढे झेपेल तेवढे सांगितले, दिशा मात्र मुक्तीची दिली. तिसरे लोक सरळ म्हणतात की लिहिणारी माणसे त्यांच्या काळाची होती. आम्हांला या सगळ्यांहून कबुलीचे मोल जास्त वाटते. गुलामगिरीच्या प्रश्नावर जन्मलेल्या सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी, ठराव करून माफी मागितली. २००६ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनेही मागितली. तिच्या एका मिशनरी संस्थेचा बार्बाडोसमध्ये मळा होता आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर संस्थेचे नाव डागले जाई. १८३३ च्या कायद्याने मुक्ती जाहीर झाली तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना छदामही नाही.

हे वाचताना आपल्यापैकी कुणाला आसुरी आनंद होत असेल तर त्याने पुढची हकिकत ऐकावी. १९३५ मध्ये हॉवर्ड थर्मन हा कृष्णवर्णीय अमेरिकी धर्मोपदेशक कोलंबोला आला असता एका हिंदू गृहस्थाने त्याला विचारले, तुमच्या पूर्वजांना विकणारे ख्रिस्ती होते, गुलामांच्या एका जहाजाचे नावच ‘जीझस’ होते, मग तुम्ही ख्रिस्ती कसे? फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीला थर्मनची गांधीजींशी भेट झाली. त्यांचा प्रश्न आणखी वेगळा: अमेरिकेतले गुलाम मुसलमान का झाले नाहीत? इस्लाममध्ये एकदा आत आले की भेद उरत नाही, असे त्यांचे म्हणणे.

ऐकून बरे वाटते. हजरत बिलाल यांची अजान आपल्याला आठवते, गुलाम मुक्त करण्याचे पुण्य आठवते. पण मलिक अंबरचे नाव अभिमानाने घेताना तो बाजारात विकला गेला होता, आणि विकणारे-घेणारे कलमा पढणारेही होते, हे आपण सांगत नाही. झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद केला तो १८७३ मध्ये, इंग्रजांच्या धाकाने. त्या किनाऱ्यावरच्या अरब गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला आणून नाशिकच्या शरणपूरला मिशनऱ्यांच्या हवाली केली जात. लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांतला जेकब वेनराइट तिथेच शिकला होता. आणि त्याच साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या मुक्तिदात्यांना. ट्युनिसच्या अहमद बे याने मुफ्तींचा पाठिंबा घेऊन १८४६ मध्ये, अमेरिकेच्या आधी, गुलामगिरी बंद केली ही आपली जमेची बाजू. सौदी अरेबियाने १९६२ मध्ये बंद केली, ही दुसरी. फुलर यांचा प्रश्न, ज्याला परवानगी आहे ते पाप कसे, हा आपल्याही मदरशांतून विचारला गेला आहे.

कोलंबोतल्या प्रश्नाला थर्मनने १९४९ मध्ये आख्खे पुस्तक लिहून उत्तर दिले. त्यात त्याच्या आजीची आठवण आहे. नॅन्सी अँब्रोज गुलामीत जन्मलेली, अक्षरओळख नसलेली. लहानपणी फ्लोरिडात थर्मन तिला बायबल वाचून दाखवी, पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. बऱ्याच वर्षांनी, कॉलेजात गेल्यावर, त्याने कारण विचारले. ती म्हणाली, मालकाचा पाद्री वर्षातून तीन-चारदा तरी पौलाचाच आधार घेऊन आम्हांला मालकाचे ऐका म्हणून सांगायचा. तेव्हाच मी ठरवले होते, कधी वाचायला शिकले आणि सुटका झाली तर हा भाग वाचायचा नाही. वाचायला ती शिकली नाहीच. पण पौलाच्या पत्रांतला एक अध्याय ती क्वचित कधी वाचायला सांगे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा तेरावा, प्रेमाविषयीचा.