नेम

हडपसरच्या दिवाळीचा आणि बंदुकीच्या दारूचा संबंध केवळ फुलबाज्यांपुरता नाही. आज जेथे कारखाने, वसाहती आणि सोलापूर रस्त्यावरची अखंड वर्दळ दिसते, त्याच परिसरात २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी दुसरा बाजीराव आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दोन्ही बाजूंना युरोपीय अंमलदारांनी कवायत शिकवलेल्या पलटणी होत्या. बंदुका होत्या, तोफा होत्या, त्या चालवणारे सराईत हातही होते. पण त्या रोखल्या गेल्या एकमेकांवरच! बाजीराव पुणे सोडून पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईस तह करून त्याने इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली. पुढे सोळा वर्षांत पेशवाईच बुडाली.

मराठीत 'नेम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. निशाणावर दृष्टी लावणे हा एक, आणि न चुकता पाळावयाचे व्रत हा दुसरा. हडपसरावरून पालख्या पुढे जातात तेव्हा वारकरी म्हणतो, "आमचा नेम आहे." बंदुकीला हे दोन्ही नेम लागतात. पहिला असून दुसरा नसला म्हणजे काय होते, ते हडपसरने पाहिले आहे.

इंग्रज स्थिरावले, आणि बंदूक कोणाच्या हाती असावी हे तेच ठरवू लागले. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत दोन कायदे झाले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले, दुसऱ्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. वृत्तपत्रांचे कुलूप काही वर्षांतच निघाले, शस्त्रांचे मात्र राहिले. गोऱ्या माणसाला परवान्याची माफी आणि एतद्देशीयाला मात्र सक्ती, हा भेद लोकांना अधिक झोंबला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रसभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला; पण तो उघड वर्णभेद जायला पहिले महायुद्ध उलटावे लागले. घरात बंदूक नसण्याचे दुःख तितकेसे नव्हते. तुमच्यावर विश्वास नाही, असे सरकार आपल्याच देशात आपल्याला सांगत होते, हे खरे दुःख होते.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे उत्तर शोधायला जे पुढे आले, त्यांत एक मराठी घराण्यातले गृहस्थ होते. बडोद्यास जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर हे लोकसभेचे पहिले सभापती. सभागृहाला शिस्त लावणारा हा माणूस १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचाही पहिला अध्यक्ष होता! त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा नवोदितांना राष्ट्रीय स्पर्धेची वाट दाखवते. १९५९ साली लिटनचा कायदा जाऊन नवा शस्त्रकायदा आला. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी .२२ ची रायफल बाळगण्याचा परवाना मिळावा, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे विश्वास मिळतो, पण तो शिस्तीच्या दारातून.

ही शिस्त कशी असते? क्लबात नवख्याला प्रथम मिळते ती हवेची रायफल. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, अंतर दहा मीटर, आणि पूर्ण दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा, मोहरीहूनही लहान! पण ठिपक्याची गोष्ट पुढची. आधी शिकायचे ते असे: बंदूक रिकामी असो वा भरलेली, नळी माणसाकडे वळता कामा नये, नेम धरेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये, हुकूम झाल्यावाचून रेषेपुढे पाऊल पडता कामा नये. मग उभे राहणे, मग श्वास. धसमुसळ्या मुलाला हे कंटाळवाणे वाटते. जो टिकतो, त्याला काही महिन्यांनी कळते की निशाण दहा मीटरांवर नसून आपल्याच छातीच्या ठोक्यांत आहे.

अशाच पायऱ्या चढून मोठी झालेली माणसे आपल्यासमोर आहेत. मुंबईच्या अंजली भागवतांच्या हाती बंदूक आली ती कॉलेजातील राष्ट्रीय छात्रसेनेमुळे. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा शिक्षकाचा मुलगा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पुण्याच्या बालेवाडीत, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेल्या क्रीडानगरीत, त्याने सराव केला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी बहात्तर वर्षे थांबावे लागले होते.

टिकल्यांचे पिस्तूल उडवणारा आपला चिरंजीव किंवा आपली कन्या या दिवाळीत "मला क्लबात घाला" म्हणाली, तर आईवडिलांनी दचकू नये, आणि पदकाची घाईही करू नये. क्लबाला मान्यता आहे का, आणि पहिल्या दिवशी तेथे मुलाला बंदूक देतात की नियम सांगतात, एवढे पाहावे. नियम सांगत असतील, तर मूल योग्य जागी आले. आधी नेम पाळायला शिकेल, मग धरायला.