घटस्फोटानंतरचा पुनर्विवाह : न्यायालयाचा निकाल आणि ख्रिस्तसभेचा निर्णय

घटस्फोटाचा निकाल हाती आला की पुनर्विवाहाचा मार्ग मोकळा झाला, असा समज आमच्या भाविकांत सर्रास आढळतो. उलट काहींना वाटते की, ख्रिस्तसभेच्या विवाह न्यायासनाने पहिला विवाह अवैध ठरविल्यावर कोर्टाची पायरी चढण्याचे कारण नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. दुसरा तर फौजदारी गुन्ह्यापर्यंत नेऊ शकतो.

प्रथम देशाचा कायदा पाहू. ख्रिस्ती दांपत्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. पूर्वी जिल्हा न्यायालयाचा निकाल उच्च न्यायालयाने कायम करावा लागे. २००१ च्या दुरुस्तीने ही अट गेली, परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद आली आणि विवाह जेथे झाला त्या जिल्ह्यातही अर्ज करण्याची मुभा मिळाली. मुंबईस संसार करून भंडाऱ्यास माहेरी परतलेल्या भगिनीला, तिचा विवाह भंडाऱ्यात झाला असल्यास, त्यामुळे भंडाऱ्यातच दाद मागता येते. मात्र कलम ५७ प्रमाणे अपिलाची मुदत अपील न होता संपेपर्यंत, किंवा झालेले अपील अंतिमतः फेटाळले जाईपर्यंत, पुनर्विवाह करता येत नाही. भंडाऱ्याच्या निकालावरील अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते. तेथे काही दाखल नाही ना, याची वकिलाकडून खात्री करून घ्यावी. 'न्यायिक विभक्तता' म्हणजे घटस्फोट नव्हे, हेही ध्यानी असावे.

केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की, चर्चच्या न्यायासनाच्या निर्णयाने कायद्याच्या दृष्टीने विवाह संपत नाही. अशा निर्णयांना मान्यता मिळावी, ही जनहित याचिकाही जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली गेली. पहिला विवाह कायम असताना दुसरा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता ख्रिस्तसभेचा नियम. भंडारा जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात मोडतो. न्यायालय झालेला विवाह मोडते. ख्रिस्तसभेचे न्यायासन मात्र विवाहाच्या दिवशी दिलेली संमती खरी, मोकळी व जाणती होती काय, हे तपासते. कायदासंहितेच्या नियम १०८५ नुसार, पहिला विवाह अवैध असल्याचे रीतसर सिद्ध होण्यापूर्वी दुसरा विवाह करता येत नाही. पूर्वी यासाठी दोन न्यायासनांचे एकमत लागे. पोप फ्रान्सिस यांच्या सुधारणेमुळे ८ डिसेंबर २०१५ पासून, अपील न झाल्यास, एकच निर्णय पुरेसा आहे. या निर्णयाने मुले अनौरस ठरतात, ही भीती निराधार होय. पहिल्या जोडीदाराची वा मुलांची जबाबदारी शिल्लक असेल, तर विवाहासाठी बिशपांची परवानगी लागते. ही अट आम्हांस रास्त वाटते.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांच्या नोटिशीने नोंदणी विवाह होतो, पण कॅथलिकांसाठी तेवढ्याने साक्रामेंत होत नाही. केवळ घटस्फोटित, पुनर्विवाह न केलेल्या व्यक्तीस घटस्फोटाच्या कारणावरून ख्रिस्तप्रसादाची बंदी नाही, हे तिला व शेजाऱ्यांनाही ठाऊक असावे.

लग्नाचा हॉल ठरविण्यापूर्वीच धर्मगुरूंना भेटावे. सोबत न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत, पहिल्या विवाहाचा दाखला आणि न्यायासनाचा निर्णय असावा. न्यायासनाने निर्णयात पुनर्विवाहास मनाई नोंदविली असल्यास ती आधी उठवून घ्यावी लागते.