कमरेतील भुलीची कुळकथा

लातूरच्या किंवा नांदेडच्या ज्या घरात लेक वा सून सिझर होऊन आली आहे, त्या घरात बाळाचे बारसे होण्यापूर्वीच बहुधा एक निदान पक्के झालेले असते. ते असे की, हिची कंबर धरते ती त्या पाठीतल्या सुईने. पुढे वर्षभराने पाण्याची घागर उचलताना कळ आली, दहा वर्षांनी सोयाबीनच्या काढणीला वाकलेली बाई सरळ उभी राहताना कण्हली, तरी ठपका त्याच सुईवर येतो. आरोपीची बाजू न ऐकता झालेला हा निकाल इतका सर्वमान्य आहे, की त्यावर अपील करण्याचे धाडस आमच्या घरांत सहसा कोणी करीत नाही. म्हणून या सुईची कुळकथा आरंभापासून सांगावी आणि मग आरोपाची रुजुवात करावी, असे योजिले आहे.

वेदना नाहीशी करण्याचा पहिला मार्ग मेंदूला निजवण्याचा होता. १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनला मॉर्टनने ईथर हुंगवून शस्त्रक्रिया घडवून आणली आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्सनने प्रसूतीच्या कळांवर क्लोरोफॉर्म योजिला. परंतु १८४८ च्या जानेवारीत हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली आणि हे औषध आधी श्वास थांबवते की आधी हृदय, या प्रश्नाने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ वैद्यांचे दोन तट पाडले.

या वादाचा एक मोठा फड आपल्या रियासतीत रंगला. नांदेड आणि लातूर हा मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता, आणि हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन व तेथील मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे ‘नाडी पाहू नका, श्वास पाहा’ या मताचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांच्या आग्रहावरून १८८८ मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. त्याचा निष्कर्ष लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंकास्पद ठरवला, तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड मंजूर करून त्या नियतकालिकालाच आपला प्रतिनिधी पाठवण्याचे आमंत्रण दिले, आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादेस येऊन दुसऱ्या कमिशनात बसले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निर्णय लॉरींच्या बाजूने लागला: मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जू जेथे आरंभतो त्या लंबमज्जेत श्वासाचे जे केंद्र आहे, ते प्रथम बधिर होते आणि हृदय त्यानंतर थांबते. हा निर्णय अपुरा होता. भूल हलकी असतानाही क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकी बिघडवू शकतो, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवले. तरीही, ज्या खजिन्यात मराठवाड्याच्या रयतेचा जमीनमहसूल जमा होत असे, त्या खजिन्यातून या चौकशीचा खर्च झाला, आणि त्याच मेडिकल स्कूलमधून १८८९ मध्ये उत्तीर्ण झालेल्या रूपाबाई फर्दुनजी या जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक गणल्या जातात, या गोष्टींचा अभिमान आपण बाळगावयास हवा. तो बाळगला जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

पायाचे हाड कापावयाचे आणि त्यासाठी श्वासाचे केंद्र धोक्यात घालावयाचे, यातील विसंगती मात्र कोणत्याही कमिशनने सुटण्यासारखी नव्हती. पायाकडून निघालेली वेदनेची वर्दी मेंदूपर्यंत ज्या वाटेने जाते ती वाटच काही काळ रोखता आली, तर मेंदूला हात लावण्याचे कारण उरत नाही. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला आणि हे साधन हाती आले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कॉर्निंग यांनी कोकेनचे द्रावण मणक्यांच्या मध्ये टोचून पाहिले, जरी ते बहुधा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच राहिले असावे. नेमके कोठे टोचावे, याचे उत्तर मिळाले ते कीलच्या हाइनरिख क्विंके यांच्याकडून, ज्यांनी १८९१ मध्ये मेंदूवरील पाण्याचा दाब कमी करण्यासाठी कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून ते पाणी काढले.

येथे थोडे थांबून शरीररचना पाहिली पाहिजे, कारण या सुईचे सारे निर्दोषत्व तिच्यात आहे. मज्जारज्जू हा मेंदूचाच खाली उतरलेला विस्तार. त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, जाडी करंगळीहून कमी, आणि त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत तो पाठीच्या कण्याची सारी लांबी व्यापून असतो. त्यानंतर कणा भराभर वाढतो आणि रज्जू मागे पडतो, इतका की जन्मवेळी त्याचे टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास असते आणि प्रौढ वयात ते बहुधा पहिल्या व दुसऱ्या मणक्यांच्या दरम्यान येऊन थांबते. त्याखाली कण्याची पोकळी रिकामी नसते. रज्जूची आवरणे तशीच खाली गेलेली असतात, त्यांत नितळ मस्तिष्कजल भरलेले असते, आणि कंबर, पाय व ओटीपोट यांच्याकडे जाणारी नसांची मुळे त्या पाण्यात लोंबत असतात. शरीरशास्त्रज्ञ त्या जुडग्याला अश्वपुच्छ म्हणतात. घट्ट उतीत सुई शिरली तर ती उतीला भोसकते. परंतु ही मुळे पाण्यात सोडलेल्या सुताच्या लडीसारखी मोकळी असल्याने सुईचे टोक लागले तर बहुधा बाजूला सरतात. म्हणून कमरेच्या तिसऱ्या व चौथ्या, किंवा चौथ्या व पाचव्या मणक्यांमधून जी सुई जाते ती मज्जारज्जूत जात नाही. रज्जू तेथे नसतोच.

क्विंके यांच्याच कील शहरात ऑगस्ट बीअर नावाच्या शल्यवैद्याने १६ ऑगस्ट १८९८ रोजी, घोटा क्षयाने नासलेल्या एका मजुराच्या कमरेत या वाटेने कोकेन घातले आणि रोगी जागा असताना शस्त्रक्रिया केली. आठवडाभरानंतर बीअर यांनी साहाय्यक हिल्डेब्रांट यांच्याकडून स्वतःच्या पाठीत सुई घालून घेतली. पिचकारीचे तोंड सुईला बसेना, औषध जाण्याऐवजी मस्तिष्कजलच बरेच सांडले, आणि प्रयोग फसला. मग हिल्डेब्रांट पालथे झाले. त्यांच्या मांडीत हाडापर्यंत सुई खुपसली, कातडीला जळती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडी मारली. त्यांना वेदना झाली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दोघांचीही डोकी ठणकू लागली, आणि बीअर यांचे दुखणे असे की आडवे झाले की थांबे, उठले की परते. ते आठवड्याहून अधिक काळ टिकले. सुईने पडलेल्या छिद्रातून मस्तिष्कजल झिरपत राहिल्याने असे होते. या सुईचा खरा दोष हाच, आणि तो तिच्या जन्मापासूनचा आहे.

दोष दूर करण्याचे काम पुढे सावकाश झाले. लंडनच्या आर्थर बार्कर यांनी १९०७ मध्ये औषधात ग्लुकोज मिसळून ते मस्तिष्कजलाहून जड केले, त्यामुळे रोग्याला निजवण्याच्या पद्धतीने औषध किती वर चढावे हे ठरवता येऊ लागले. आमच्या शस्त्रक्रियागृहात ‘हेवी’ म्हणून मागितली जाणारी बुपिवाकेन या भुलीच्या औषधाची कुपी ती हीच परंपरा चालवते. १९५१ मध्ये व्हिटाकर यांनी पेन्सिलीच्या टोकाची सुई आणली, जी आवरण कापण्याऐवजी त्याचे धागे बाजूला सारते, आणि डोकेदुखी पुष्कळ घटली. दरम्यान १९४७ मध्ये इंग्लंडच्या चेस्टरफील्डला एकाच दिवशी ही भूल घेतलेल्या दोन रोग्यांचे पाय कायमचे लुळे पडले. कुपीच्या काचेला अदृश्य तडे जाऊन बाहेरचे जंतुनाशक फिनॉल आत शिरले, असे न्यायालयाने धरले. पुढे इतर कारणेही सुचवली गेली. त्या देशात ही पद्धत कित्येक वर्षे मागे पडली. औषध दूषित झाले, आणि भय सुईच्या नावे जमा झाले.

आज नांदेडच्या डॉक्टर लेनमधील दवाखान्यात किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात जे घडते ते असे. बाईला मेजाच्या कडेला बसवतात, हनुवटी छातीला टेकवून पाठ वाकवावयास सांगतात, म्हणजे मणक्यांमधील फटी उघडतात. भूलतज्ज्ञ कमरेच्या दोन्ही हाडांचे उंचवटे चाचपून त्यांना जोडणारी रेघ मनात धरतो, कारण ती चौथ्या मणक्याजवळून जाते. कातडी, अस्थिबंध आणि मग आवरण अशा क्रमाने सुई पुढे सरकते, आवरण ओलांडले की हाताला पुसटसा धक्का जाणवतो, आणि सुईच्या मुळाशी पाण्यासारखा नितळ थेंब उमटतो. तो उमटल्यावाचून औषध जात नाही. औषध असते दोन मिलिलिटरच्या आसपास. बारीक नसा प्रथम हतबल होतात, म्हणून पाय आधी गरम लागतात, रक्तदाब उतरतो आणि सलाइनचा वेग वाढवला जातो. मग वेदना जाते आणि अखेरीस हालचाल. आई जागी असते, तिचा घसा तिचे रक्षण करतो, आणि बाळाचे पहिले रडणे ती ऐकते. महागडे भूलयंत्र नसलेल्या गावांतही शस्त्रक्रिया सुखरूप होऊ लागली ती बरीचशी या सुईमुळे, असे माझे मत आहे.

आता आरोपाची रुजुवात. टोचल्या जागी दोनचार दिवस दुखते, हे खरे. परंतु बाळंतपणानंतरची दीर्घकाळची कंबरदुखी, सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रियांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात आढळते, असे तुलनात्मक पाहण्या सांगतात. तिची कारणे अन्यत्र आहेत: गरोदरपणात सैल झालेले अस्थिबंध, ताणलेले पोटाचे स्नायू, रक्ताची व कॅल्शियमची उणीव, वाकून पाजणे, आणि सव्वा महिना पुरा होण्याआधी पुन्हा डोक्यावर आलेले ओझे. सुईला दोषी ठरवले की या साऱ्यांची चौकशी बंद होते, हा या निकालातील मोठा अन्याय आहे, आणि तो सुईवर नसून बाईवर आहे.

ज्यांच्या घरी बाळंतीण आहे त्यांना एवढीच विनंती. शस्त्रक्रियेनंतर उठून बसताच तिचे डोके ठणकत असेल आणि आडवे होताच थांबत असेल, तर ते अंगावर काढू देऊ नका. भूलतज्ज्ञाला कळवा, कारण तिच्याच हातातील थोडे रक्त त्या छिद्रापाशी टोचून ते बुजवण्याचा उपाय १९६० पासून ठाऊक आहे. पायाला मुंग्या येत राहिल्या, बळ कमी वाटले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कंबर महिनोन्महिने दुखत असेल, तर तिचे रक्त तपासून घ्या, तिला पोटाचे व पाठीचे व्यायाम शिकवून घ्या आणि तिच्या डोक्यावरची घागर काही दिवस दुसऱ्या कोणी उचला.