कचरा केव्हा होतो?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, पूर्वीच्या घरांत कचरा इतका कमी कसा?" आजचा वेळ त्यालाच देऊ. आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे आम्ही आधी शब्दापाशीच अडखळतो. वस्तूचा कचरा नेमका केव्हा होतो?

आमच्या लहानपणी, १९६०च्या आगेमागे, घरात केरसुणी होती, सुपली होती, पण डस्टबिन नव्हता. चुलीची राख भांडी घासायला. भाजीची देठं, कोंडा, तांदळाचं धुवण गोठ्यात. आईचं नऊवारी विरलं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं. किराण्याच्या पुडीचा दोरा सोडवून रिळाला गुंडाळायचा, कागद घडी घालून ठेवायचा. उरलेले कपडे बोहारणीकडे. ती आणि आजी एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करायच्या, तो तर आम्हा मुलांचा तमाशाच! उरलंसुरलं उकिरड्यावर, आणि उकिरडा शेतात. प्रत्येक वस्तूला पुढचं घर ठरलेलं होतं.

पण याला लगेच पूर्वजांचं शहाणपण म्हणून डोक्यावर घेऊ नका. त्यात टंचाई होती. बायकांचे अखंड राबणारे हात होते. आणि गावाची घाण उचलण्याचं काम जन्मावरून ठराविक जातींवर लादलेलं होतं, हे आपल्या आठवणींतून सोयीस्करपणे गळतं.

शहरात हे पुढचं घर तुटलं. गोठा गेला, चूल गेली, प्लॅस्टिकची पिशवी आली, आणि सगळं एका डब्यात पडू लागलं. आमचं म्हणणं एवढंच, की वस्तू टाकल्याने कचरा होत नाही, मिसळल्याने होतो. खरकट्यात बुडालेला कागद रद्दीवाला घेत नाही, आणि प्लॅस्टिक मिसळलेल्या खरकट्याचं खतही धड होत नाही.

ही अडचण आपलीच नव्हे. पॅरिसमध्ये १८८३-८४ साली युजेन पुबेल या प्रशासकाने घरमालकांना कचऱ्यासाठी डबे ठेवायला लावले, आणि तेही तीन: कुजणारं एकात, कागद-चिंध्या दुसऱ्यात, काच, फुटकी भांडी, कालवांचे शिंपले तिसऱ्यात. विरोध केला घरमालकांनी, आणि चिंध्या वेचून पोट भरणाऱ्यांनीही. त्यांचा रोजगारच डब्यात बंद होत होता ना! आज फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला त्या गृहस्थांचंच नाव आहे. अमर व्हायचा हा एक प्रकार.

पुण्यात वेचकांची बाजू शंभरेक वर्षांनी संघटितपणे पुढे आली. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया. बाहत्तरच्या दुष्काळानंतर शहरात आलेली कितीतरी कुटुंबं. आम्ही भीक मागत नाही, काम करतो, हे त्यांचं म्हणणं. पुढे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था करारानुसार घरोघरी कचरा घेऊ लागली. इकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी मात्र पुण्याचा मिसळलेला कचरा वर्षानुवर्षं सोसला. विहिरींचं पाणी नासलं, तेव्हा त्यांनी गाड्या अडवल्या.

हे सगळं आम्ही वर्गात सांगत असू. आणि घरी? एकदा फुटलेला बल्ब आम्ही सरळ ओल्या कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी कचरा नेणाऱ्या ताई दारात आल्या, बोटाला चिंधी. रागावल्या नाहीत. "काका, काच असली तर सांगून देत जा," एवढंच म्हणाल्या. चाळीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला त्या वेळी एक वाक्य सुचलं नाही.

तेव्हापासून काच जाड कागदात बांधून, वर पेनाने 'काच' लिहून हातात देतो. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हेही सुनेने त्यांच्याकडूनच शिकून घेतलं. भाजीची देठं गच्चीतल्या कुंडीत जातात. पहिले दोन महिने चिलटं झाली, सुकी पानं घालायला लागल्यावर थांबली. नातवंडांच्या वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचं मात्र आम्हाला अजून जमलेलं नाही. धुऊन, वाळवून, वेगळी ठेवली, तर ताई म्हणाल्या, "काका, हे भंगारवालासुद्धा घेत नाही." ती पिशवी अजून गॅलरीतच आहे.