तबकडी आणि आमंत्रण

माझ्याकडे एक जुनी कॅसेट आहे, आमच्या गाण्याच्या गुरुजींची. जबलपुरात ते घरोघरी शिकवण्या करत, गणेशोत्सवात गात. एका कंपनीने त्यांच्या भजनांची ही कॅसेट काढली आणि एकदाच ठरावीक रक्कम दिली. पुढे किती खपली, याचा हिशेब कधी आला नाही. कार्यक्रम ठरवायला कुणी आलं की गुरुजी ती त्याच्या हातात ठेवत. खप कंपनीचा, आमंत्रण गुरुजींचं.

आता सीडी गेली, मोबाइलवर गाणं जवळजवळ फुकट झालं. कलावंताने जगायचं कसं, असं सगळे विचारतात. मागे वळून पाहिलं की वाटतं, केवळ ध्वनिमुद्रणावर जगलेले आपल्याकडे होते तरी किती?

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान तबकड्यांसाठी गायल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तेवढ्यात राग उलगडत नाही, पण नाव गावोगाव पोचतं. त्याच्या आदल्याच वर्षी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं होतं. संस्थानिकाच्या मर्जीऐवजी शाळा आणि तिकीट लावून केलेला जलसा, ही वाट त्यांनी दाखवली. परीक्षांना बसणारे विद्यार्थी तयार करणारे आमचे गुरुजी त्याच वाटेवरचे.

बालगंधर्वांच्या तबकड्या घरोघरी वाजत. पण १९१३ साली उभी राहिलेली गंधर्व नाटक मंडळी चालली ती नाटकाच्या तिकिटांवर. बोलपट आले, प्रेक्षक तिकडे वळला, कर्ज वाढलं. तबकड्या वाजतच राहिल्या, पण मंडळीला वाचवू शकल्या नाहीत.

उलट उदाहरण गीतरामायणाचं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत. रेडिओवर घरबसल्या ऐकलेली तीच गाणी बाबूजींच्या तोंडून समोर बसून ऐकायला माणसं पुढे वर्षानुवर्षं सभागृहं भरत राहिली. फुकट ऐकलेल्या गाण्याने मैफल मारली नाही, वाढवली. जबलपूरजवळ भेडाघाटला शरद पौर्णिमेच्या सुमारास नर्मदा महोत्सव भरतो, तिथेही तेच दिसतं. खिशातल्या फोनमध्ये सगळी गाणी असतात, तरी माणसं घाटावर येऊन बसतात.

म्हणून ध्वनिमुद्रणाचं उत्पन्न आटलं याचं दुःख करू नये, असं मी बरेच दिवस म्हणत असे. आता म्हणवत नाही. मैफल गळ्यावर चालते आणि गळा म्हातारा होतो. गाणारा थांबल्यावरही वाजत राहते ती फक्त तबकडी. तिचं मोल पोटापाण्यापेक्षा म्हातारपणासाठी होतं. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला वाटा पक्का झाला, गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरातून वाटा मागता येऊ लागला. पण तोवर वाटून घ्यायची रक्कमच आटत चालली होती.

शेवटच्या काही वर्षांत गुरुजींचा आवाज बसला. आमंत्रणं थांबली, शिकवण्याही सुटल्या. त्या दिवसांत एकदा बाजारातून जाताना दुकानात त्यांचंच भजन लागलेलं ऐकलं. मी आत जाऊन कॅसेट विकत घेतली. तीच ही. तिचे पैसे गुरुजींपर्यंत पोचणार नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं.